पन्नासच्या आत

दुपारी साडेचार-पावणेपाचच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या फळीवर शालूबाईंचा फोन वाजायचा. वाजायचा म्हणजे नुसतं एक 'टिंग', पितळी वाटीला चमचा लागावा तेवढंच. पण त्या घरात दुपारभर दुसरा आवाजच नसायचा, त्यामुळे तेवढंही पुरे व्हायचं. सोप्यातल्या खाटेवर आडवे झालेले नाथाजी उठून बसायचे, पायानं चपला चाचपायचे, आणि ज्यांना घाई नाही असं दाखवायचं असतं त्या माणसांसारखे सावकाश आत जायचे. दाखवायचं कुणाला, हा प्रश्नच होता. बघायला समोर कुणी नव्हतं.

शालूबाई, नाथाजींची बायको, श्रावणात गेल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, आणि भांडी लावता लावता नाथाजींना फळीवर त्यांचा फोन दिसला. तांबडा दिवा लुकलुकत होता, म्हणजे आता विझायच्या बेतात. त्यांनी काही विचार न करता वायर जोडली. तेव्हापासून रोज सकाळी जनावराला पाणी दाखवावं तसा ते त्या फोनला वायर दाखवत. स्वतःचा फोन कितीदा बंद पडायचा, हा पडला नाही.

आणि मार्गशीर्ष संपता संपता तो पुन्हा वाजायला लागला.

फोनवर यायचं ते एक चित्र. डोंगराच्या उतरणीवर निळी वाकडीतिकडी रेघ, खाली आकडे. पलीकडे, शेकडो कोस दूर गुलमर्गच्या बर्फावर, त्यांचा मुलगा जयराज पायाला लाकडाच्या लांब फळ्यांसारखं काहीतरी बांधून डोंगर उतरत असे, आणि खिशातला फोन तो किती जोरात उतरला ते मोजत असे. सगळ्यात वरचा आकडा म्हणजे त्या दिवसाचा जास्तीत जास्त वेग. ४६. ४८. ४७.५. नाथाजी तो बघायचे, फोन फळीवर उपडा ठेवायचे, आणि चहाचं आधण टाकायचे. एका कपाचं.

ह्या आकड्यांमागे एक वचन होतं.

दोन हिवाळ्यांमागं जयराजनं आईला एक फिल्म पाठवली होती. पांढऱ्याशुभ्र उतारावरून एक ठिपका सूं करत खाली येतो, मोठा मोठा होत जातो आणि बर्फाचा फवारा उडवून थांबतो. काळा चष्मा वर केल्यावर कळतं, हा आपला जयराज. शालूबाईंनी किंकाळी फोडून फोन गादीवर फेकला होता. मग तोच उचलून लेकाला लावला होता.

"किती जोरात जातोस रं तू?"

"मोजलं न्हाई कवा, आये."

"मग मोज. पन्नासच्या वर जायाचं न्हाई. तुजा बाप फटफटीवर बी पन्नासच्या वर कवा गेला न्हाई."

"आवं आये, हितं बारकी बारकी पोरं साठनं जात्यात."

"जाऊ देत. त्यास्नी त्यांच्या आया हायत्या. तू गळ्याला हात लाव."

"फोनवर कसा लावू?"

"लाव म्हनते न्हवं!"

त्यानं लावला असावा. कारण दुसऱ्या दिवसापासून आकडा यायला लागला. शालूबाईंना बाकीचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत. त्या स्वयंपाकघरातून मोठ्यानं पुकारायच्या, "आज सत्तेचाळीस!" नाटकात पडद्यामागून कुणी वर्दी द्यावी तशी. आणि सोप्यात बसलेले नाथाजी काही न बोलता वर्तमानपत्राचं पान उलटायचे. ते पान उलटणं म्हणजेच पोच. शालूबाईंना ते कळायचं. बाप-लेकांचं बोलणं त्याआधीच बंद झालेलं होतं.

नाथाजींचा धंदा गलाईचा. जुनं सोनं-चांदी आटवून, त्यातली भेसळ जाळून शुद्ध करायची, आणि मालात खरं सोनं किती, खोटं किती, म्हणजे त्याचा टंच काढून द्यायचा. कडेगाव, विटा, आटपाडीकडची माणसं ह्या एका हुन्नराच्या जोरावर देशभर पांगलीत. ज्या शहरात सराफकट्टा आहे, तिथं एखाद्या अंधाऱ्या जिन्यावरच्या खोलीत आपल्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला असतो. नाथाजी पंधराव्या वर्षी चुलत्याबरोबर गेले ते थेट श्रीनगरला. पुढं त्याच गल्लीत स्वतःची खोली घेतली, आणि चाळीस वर्षं सोनं आटवायच्या मुशीपुढं काढली. बाहेर झेलमवर धुकं, आत भट्टीची धग. वर्षातून एकदा महिनाभर गावी यायचं. एरवी महिन्याला एक पत्र. पत्रात दोन ओळी: मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असाल.

त्यांच्या टंचाला मान होता. काश्मिरी सराफ म्हणायचे, नाथाजीची चिठ्ठी म्हणजे आणखी कुठं दाखवायला नको. चिठ्ठी उर्दूत छापलेली असायची. पण सगळे आकडे भरून झाले की नाथाजी तळाशी आपल्या हातानं मराठीत दोन शब्द लिहायचे: 'तपासून घ्यावे.' गिऱ्हाइकाला ते वाचता येत नसे. चुलत्यानं शिकवलं होतं म्हणून लिहायचे. चिठ्ठीपुरतं तरी गाव हाताखालून जायचं.

जयराजला त्यांनी सतराव्या वर्षी तिथं नेला. पोराचा हात चांगला होता, नजर त्याहून चांगली. सहा वर्षांपूर्वी त्याच्या हाती भट्टी सोपवून नाथाजी कायमचे गावी आले. हिवाळ्यात तिथं धंदा मंदावतो, रस्ते बंद होतात. पोरगा मित्रांबरोबर गुलमर्गला जायला लागला, बर्फावर घसरायला शिकला, मग दुसऱ्यांना शिकवायला लागला. आणि एक दिवस विट्याच्या बाजारात भेटलेल्या माणसाकडून नाथाजींना कळलं, की जयराजनं भट्टी चुलतभावाला देऊन टाकली. आता तो बारा महिने डोंगरातच असतो, एकटाच.

त्या संध्याकाळी नाथाजींनी फोन लावला आणि एकच वाक्य बोलले. "तुला बर्फच पायजे न्हवं? मग बर्फातच ऱ्हा."

वाक्य चांगलं बसलं होतं. इतकं चांगलं बसलं, की त्यानंतर तीन वर्षं दोघांनाही पुढचं वाक्य सुचलं नाही. आईच्या मातीला जयराज आला, केस उतरवले, सगळं रीतीप्रमाणं केलं. दिवसकार्यात बाप सोप्याच्या ह्या टोकाला, लेक त्या टोकाला, आणि "आप्पांनी चहा घेतला का विचार" असे निरोप मधल्या बायकांमार्फत. चौदाव्या दिवशी तो गेला. जाताना वाकून पाया पडला. नाथाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उतरवलेले केस खुंटासारखे उगवत होते, ते तळहाताला टोचले. बस्स, तेवढंच.

तर असा तो फोन पौषात, माघात वाजत राहिला. नाथाजींनी मनाशी हिशेब बसवला होता, की शालूबाईंच्या हयातीत जे काही यंत्र पोरानं लावून दिलंय ते आता आपोआप आकडे पाठवतंय. घड्याळाला मालक मेल्याचं कळत नाही, तसंच हे. तरी त्यांना ते बरं वाटायचं. चाळीस वर्षं ह्या घरात वाट बघायचं काम शालूबाईंनी केलं होतं, महिन्याच्या त्या दोन ओळींची. आता पात्रं बदलली होती. आणि वाट बघायची भूमिका किती लांबलचक असते, तिच्यात करण्यासारखं काहीच नसतं, हे त्यांना ह्या वयात कळत होतं.

माघातल्या एका मंगळवारी आकडा आला: ९१.

नाथाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. ९१.  त्यांनी फोन कोपरीच्या खिशात घातला आणि चहाचं आधण तसंच ठेवून ते स्टँडकडं निघाले. अर्ध्या वाटेवरून परत येऊन गॅस बंद केला आणि पुन्हा निघाले.

स्टँडजवळ मुजीबचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मुजीब चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, सदा डोळ्याला भिंग लावलेला. त्याचे वडील हाफिजभाई नाथाजींचे शाळासोबती. ते गेल्यावर त्यांच्याशी बोलायचं राहिलेलं नाथाजी मुजीबशी बोलत.

"या आप्पा. काकूंच्या फोनचा रिचार्ज संपला व्हय?"

"ह्ये बघ." नाथाजींनी फोन पुढं केला. "जयराज एक्क्याण्णवनं गेलाय."

मुजीबनं भिंग वर केलं. चित्र बघितलं. मग बोटानं वर सरकवत गेला, आणि आणखी वर. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"आप्पा, ह्ये तुमी रोज बघता?"

"व्हय. यंत्रच हाय त्ये. आपोआप येतंय."

"आपोआप?" मुजीबनं फोन काचेवर ठेवला. "आप्पा, ह्ये आपोआप येत न्हाई. मोजायचं काम यंत्र करतं, पर धाडायचं तर मानसाला बटन दाबाय लागतं. कुनाला धाडायचं त्ये निवडाय लागतं. रोज. आजबी त्यानं दाबलंय, कालबी दाबलंय."

नाथाजी स्टुलावर बसले.

"शालूला?" त्यांनी विचारलं. "त्याला म्हाईत न्हाई व्हय, ती..."

"त्यानंच अग्नी दिला न्हवं आप्पा."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. दुकानातल्या काचा थरथरल्या. मुजीब खालच्या आवाजात म्हणाला, "आनि आजून एक हाय. मेसेज हितं उघडला की धाडनाऱ्याच्या फोनवर दोन निळ्या टिका येत्यात. म्हंजे हितं कुनीतरी वाचला. त्या जयराजला तिकडं दिसत्यात. तुमी रोज उघडता, रोज त्याला कळतंय, आयेचा फोन कुनीतरी वाचतंय."

"कुनीतरी?"

"आता घरात दुसरं हाय तरी कोन?"

नाथाजींचा चेहरा कानापर्यंत तापला. दोन महिने आपण दाराआड उभं राहून ऐकत होतो, आणि आतल्या माणसाला आपल्या चपला दाराखालून दिसत होत्या. असं झालं त्यांना.

"म्हंजे ह्यो एक्क्याण्णव," ते सावकाश म्हणाले, "त्यानं मला दावलाय?"

"त्ये मला काय म्हाईत. पर बघनार कोन त्ये त्याला म्हाईत हाय."

 आता प्रश्न सरळ होता. पोरानं आईला दिलेलं वचन मोडलं असेल, तर त्याला अडवणारं ह्या जगात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. आणि अडवायचं तर तीन वर्षांनी तोंड उघडायला लागणार होतं.

"मुजीब, एक्क्याण्णव म्हंजे किती रं?"

"एक्क्याण्णव म्हंजे एक्क्याण्णव. लय."

"तसं न्हवं. अंगाला कसं लागतं त्ये?" ते उठले. "उद्या सकाळी मला तुज्या गाडीवर घे. इट्याच्या रस्त्याला. एक्क्याण्णवनं."

"आप्पा, चेष्टा करताय व्हय?"

"बघितल्याबिगर मी टंच सांगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रवेश झाला, आणि तो बघायला रस्त्यावर फक्त बगळे होते. मुजीबनं मोजायचं तेच यंत्र आपल्या फोनवर घेतलं, चालू केलं आणि फोन नाथाजींच्या कोपरीच्या खिशात घातला. नाथाजी मागं बसले. मुजीबच्या कमरेला धरायला ते आधी संकोचले, मग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कुणाला असं धरून बसल्याला त्यांना किती दिवस झाले होते कोण जाणे.

चाळीसला वारं बरं वाटलं. पन्नासला डोळ्यांत पाणी आलं.

"हे पन्नास, आप्पा!"

"हां. ह्ये ठीक हाय! फुडं चल!"

मधे उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, परत हळू झालं. मग मोकळा सरळ तुकडा लागला. "धरा!" मुजीब ओरडला. साठ झाले असतील तेव्हा धोतराचा फटफट आवाज सुरू झाला. सत्तरला दोन्ही बाजूंचा ऊस नुसती हिरवी भिंत झाला. नाथाजींना श्वास आत घेता येईना. तोंड उघडलं की वाराच घशात शिरायचा. आणि मग त्यांची टोपी उडाली.

"टोपी! मुजीब, टोपी!"

गाडी थांबेपर्यंत बराच पल्ला गेला होता. दोघं मागं चालत आले. टोपी उसात शिरली होती. मुजीब वाकून आत घुसला आणि पाचटानं ओरखडलेला बाहेर आला.

"अठ्ठ्याहत्तर झालं होतं काट्यावर," तो धापा टाकत म्हणाला. "एक्क्याण्णव माज्याच्यानं व्हायाचं न्हाई. माजी पोरं बारकी हायत. तुमी म्हातारं झालाय तर मला कशाला न्हेताय संगट!"

नाथाजींनी टोपी झटकली, घातली आणि खिशातला फोन काढला. "ह्येच्यावर किती दावतंय?"

यंत्र बहात्तर दाखवत होतं. मुजीब म्हणाला, गाडीचा काटा नेहमी थोडं वाढवून सांगतो. फोन वरच्या उपग्रहांना दर सेकंदाला विचारत असतो, मी कुठं आहे. मागच्या जागेपासून ह्या जागेपर्यंत किती अंतर पडलं, त्यावरून वेग काढतो.

"आनि त्यो चुकत न्हाई?"

"चुकतो की. झाडाखाली, कड्याच्या आडोशाला त्याला नीट दिसत न्हाई. मग एकदम जागा चुकीची सांगतो, पन्नास पावलं बाजूला. त्याला वाटतंय मानूस तितकं उडालं."

नाथाजींचे हात थांबले. "म्हंजे भेसळ."

"काय?"

"काय न्हाई. मला ती रेघ दाव. आपली."

रस्त्याकडंच्या मोरीच्या कठड्यावर दोघं बसले. मुजीबनं आपल्या फोनवर आताच्या फेरीची वेगाची रेघ काढून दिली. चाळीसवरून पन्नास, ट्रॉल्यांपाशी खाली, मग सावकाश चढत चढत बहात्तर, आणि तशीच उतरत शून्य. टेकडीसारखी. मग दुसऱ्या मांडीवर शालूबाईंचा फोन ठेवून त्यांनी जयराजची कालची वेगाची रेघ चित्राखालच्या दुव्यावरून उघडायला लावली. एका दिवसात तो सहा वेळा उतरला होता, प्रत्येक उतरणीची रेघ वेगळी होती. नाथाजींनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. भट्टीतून निघालेल्या लगडीचा नमुना ते जसे वरून, खालून, मधून घेत, तसं त्यांचं बोट त्या रेघेवरून एकेक सेकंद सरकू लागलं.

"हितं बेचाळीस," ते पुटपुटले. "फुडच्या सेकंदाला एक्क्याण्णव. त्याच्या फुडं चव्वेचाळीस. ही टेकडी न्हवं. हा खिळा हाय. जित्ता मानूस असा जात न्हाई. वाढायला येळ लागतो, कमी व्हायला लागतो. मघाशी माज्या अंगानं बघितलंय."

"मग खोटा की आकडा!" मुजीबनं मांडीवर थाप मारली. "सुटला तुमचा जीव. चला, च्या घेऊ."

पण नाथाजी उठले नाहीत. खोटं जळून गेल्यावर मुशीत काय राहतं ते बघितल्याशिवाय उठणारा माणूस तो नव्हता. त्यांनी तो खिळा अंगठ्यानं झाकला आणि बाकीच्या उतरणी एकेक करून बघितल्या. पहिली सत्तेचाळीस. दुसरी एकोणपन्नास. चौथी, पाचवी पन्नासच्या आत. सहाव्या उतरणीवर त्यांचं बोट थांबलं. तिथं रेघ छान गोलाईनं वर जात होती. पंचावन्न, एकसष्ट, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. अकरा सेकंद वर, नऊ सेकंद खाली. कुठं खिळा नाही, कुठं तुटलेली नाही. अस्सल.

मघाशी टोपी उडाली त्याहून दोन जास्त. आणि पोराच्या पायाखाली रस्ता नव्हता, धरायला कुणाची कंबर नव्हती.

"ह्यो खरा हाय," नाथाजी म्हणाले.

मुजीबनंही बघितलं. 

"फोन लावू का त्याला?" त्यानं विचारलं. "मी बोलतो आदी, मग तुमी घ्या."

"नगं."

"मग आवाज भरून धाडा. ह्ये बटन..."

"नगं गड्या. मी बघतो."

घरी येऊन त्यांनी आधी कागदावर लिहिलं. रागानं लिहिलं, ते फाडलं. प्रेमानं लिहिलं, ते वाचून त्यांनाच लाज वाटली, तेही फाडलं. दुपार कलली. शेवटी हाताला सवय होती तेच उतरलं, आणि ते त्यांनी शालूबाईंच्या फोनवर एकेक अक्षर शोधत उठवलं:

'९१ खोटे. ७४ खरे. ठरले पन्नास.'

बटण दाबलं. आणि दाबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

तिकडं पोराच्या फोनवर हे आईच्या नावानं जाणार होतं. वर तिचा तो पुतण्याच्या लग्नातला हिरव्या साडीतला फोटो असणार होता. सहा महिन्यांपूर्वी ज्या तोंडात आपण पाणी घातलं, त्या तोंडानं आपल्याला जाब विचारलेला जयराज बघणार होता. बर्फावर, एकटा.  मजकूर परत कसा घ्यायचा ते नाथाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी फोनच्या पाठीवर दोन-तीनदा हात फिरवला, जणू आत गेलेलं त्यानं बाहेर येईल.

टीक एकच दिसत होती, आणि तीही करडी; म्हणजे निघालं होतं, पोचलं नव्हतं.

त्या दुपारी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही साडेचारला नाही. पावणेपाचला नाही. पाचला नाही. टीक एकच. मुजीब दुकान बंद करून उगाच चक्कर टाकून गेला, बायकोनं दिलेला शिरखुर्म्याचा डबा ठेवून गेला. सण नसताना शिरखुर्मा कशाला, ते नाथाजींनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर बर्फ दाखवला. रस्ते बंद, खांब वाकलेले, जवान फावड्यानं वाट काढताहेत. नाथाजींनी श्रीनगरचे असे चाळीस हिवाळे बघितले होते, त्यात नवं काही नव्हतं. तरी ते पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, प्रत्येक कानटोपी घातलेल्या माणसाचं तोंड बघत.

मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि तीन वर्षांनी तो नंबर लावला.  काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. फक्त 'मी आप्पा' एवढं ठरलं होतं. पलीकडून एका बाईनं हिंदीत सांगितलं, की हा ग्राहक संपर्काबाहेर आहे. नाथाजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. इंग्रजीतलंही ऐकून घेतलं.

चौथा दिवस. भाकरी केली, अर्धी खाल्ली. सोप्यात बसून वर्तमानपत्र उघडलं, त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी चालत होती. उठून आत गेले, फळीवरचा फोन बघितला. टिका दोन झाल्या होत्या. करड्याच. म्हणजे पोचलं होतं. ते तिथंच गॅसच्या ओट्याला टेकून उभे राहिले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या दोन टिका निळ्या झाल्या.

कितीतरी कोसांवर त्या घडीला जयराज नाथाजींची चिठ्ठी वाचत होता.  वाजेल आता. आता वाजेल.

नाही वाजला. ना फोन, ना मजकूर. ते खाटेवर येऊन पडले, आणि छताच्या वाशांकडं बघत राहिले. पाचवा दिवसही तसाच सुरू झाला. मुजीबला त्यांनी दारातूनच सांगितलं, "वाचलं त्यानं. जित्ता हाय. बास झालं मला."

"बास कसं आप्पा?"

"बास," ते म्हणाले आणि आत वळले.

त्या दुपारी चार चाळीसला फळीवरून आवाज आला. टिंग.

ह्या वेळी चपला चाचपल्या नाहीत. अनवाणीच आत गेले. निळी रेघ, डोंगर, आणि वर आकडा: ४९.२.

खाली आणखी काहीतरी होतं. ते चित्राचा भाग नव्हतं, वेगळं उठवलेलं होतं. नाथाजींनी फोन खिडकीच्या उजेडात धरला. दोनच शब्द होते.

'तपासून घ्यावे.'

कोण वाचतंय आणि कुणी लिहिलंय ते तिकडं नीट कळलं होतं. सतरा वर्षांचं पोरगं त्या जिन्यावरच्या खोलीत शेजारी मांडी घालून बसायचं आणि हजारदा ते दोन शब्द लिहिताना बघायचं. त्याची नजर चांगली होतीच.

नाथाजी ओट्याशी बसले. चष्मा पुसला. मुजीबनं शिकवलं होतं तशी वेगाची रेघ उघडली आणि पहिल्या सेकंदापासून बोट फिरवायला सुरुवात केली. पाच उतरणी होत्या. कुठं घाई केली नाही. तिसऱ्या उतरणीत मधेच रेघ शून्यावर येऊन बराच वेळ तशीच आडवी गेली होती. तिथं पोरगा नुसता उभा राहिला असणार, डोंगराच्या मध्यावर, कशासाठी ते यंत्र सांगत नव्हतं. नाथाजीही तिथं तेवढाच वेळ थांबले. मग पुढं सरकले. खिळा कुठंही नव्हता. माल चोख होता.

उन्हाची तिरीप फळीवरून खाली उतरली होती. नाथाजींनी फोन उपडा ठेवला नाही. सोप्याकडं तोंड करून, घसा साफ करून, ते मोठ्यानं म्हणाले,

"आज एकोणपन्नास."

सोप्यातून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज तेवढा आला नाही.